अडीच तास बसलेला पाहुणा

एका रविवारी दुपारी मी मोबाइल छातीवर ठेवून झोपलो आणि उठलो तेव्हा नाशिक शहरातला सर्वांत निष्ठावान वाचक झालेलो होतो. माझी चूक एवढीच, की झोपण्याआधी मी आमच्या मामेसासऱ्यांची वेबसाइट उघडली होती. ती उघडली की झोप लागते असं माझं म्हणणं नाही. जेवायला पुरणपोळ्या होत्या आणि तो दोष सर्वस्वी पुरणाचा आहे. पण पाककृतींचे व्हिडिओ बघताना पडदा सारखा काळा होतो म्हणून आमच्या हिनं माझ्याच मोबाइलला कधीही न विझण्याची ताकीद देऊन ठेवली होती. मी आयुष्यात कुणाला एवढं आज्ञाधारक बघितलेलं नाही. माझ्या घोरण्याच्या तालावर त्या यंत्रानं मामांचा 'फाल्गुनातला वारा: काही निरीक्षणे' हा लेख अडीच तास उघडा धरून ठेवला. संध्याकाळी मामांचा फोन आला. आवाज भरलेला. "जावईबापू, आज नाशिकमधलं कुणीतरी माझ्याकडे अडीच तास बसलं होतं."

मी "अरे वा" म्हणालो. त्याच वेळी "तो मीच" म्हणालो असतो तर पुढचं रामायण टळलं असतं. पण मग "काय आवडलं?" असा प्रश्न आला असता आणि फाल्गुनातला वारा हा वाहतो, यापलीकडे मला काही सांगता आलं नसतं.

आमच्या ह्या मामांइतका पाहुण्यांचा भुकेला माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर धुंडाळून सापडायचा नाही. हे म्हणजे हिचे सख्खे मामा. गंगापूर रोडकडच्या एका इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहतात, आणि लिफ्ट बंद असली तरी त्यांच्याकडे आलेल्या माणसाला चढल्याचं सार्थक होईल एवढं खायला घालून खाली पाठवतात. विजेचं मीटर बघायला येणारा माणूस त्यांच्याकडे धिरडं खाऊन मगच आकडा लिहितो. कुरिअरवाल्यांच्या त्यांनी आवडीनिवडी पाठ केल्या आहेत. एकदा शेजारच्या विंगमध्ये मुलगी बघायला निघालेलं निफाडचं एक कुटुंब चुकून मामांकडे शिरलं. मामांनी कोण, कुठले असलं काही न विचारता त्यांना आत घेतलं. पोहे झाले, चहा झाला, यंदा द्राक्षांना भाव काय मिळाला हे झालं, आणि तासाभरानं त्यातल्या वडीलधाऱ्यांनी खाकरून "आता मुलीला बोलवा" म्हटलं. तेव्हा मामी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आम्हाला मूलबाळ नाही हो. पण जेवूनच जा." ती माणसं खरोखर जेवून गेली. दरवर्षी हंगामात त्यांच्याकडून द्राक्षांची पेटी येते. त्या मुलीशी लग्न जमलं की नाही हे मात्र आम्हाला अजून कळलेलं नाही.

मामांची दुसरी श्रद्धा आकड्यांवर. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. धरणात पाणी किती, पाऊस किती पडला, हे मोजून वर कळवायचं. निवृत्त झाल्यावर निरोप समारंभात लोक घड्याळ घेतात, मामांनी स्वतःच्या पैशानं एक पर्जन्यमापक आणि एक तापमापक घेतले आणि गच्चीवर लावले. "माणूस खोटं बोलेल, आकडा बोलत नाही," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. एका वर्षी भर एप्रिलात त्यांनी खाली येऊन जाहीर केलं की रात्री बारा मिलिमीटर पाऊस झाला. आम्ही खिडकीतून बाहेर बघितलं तर रस्त्यावर धूळ उडत होती. मामा पर्जन्यमापकातलं पाणी पुराव्यादाखल दाखवू लागले. मामींनी वर मानसुद्धा केली नाही. कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या, "टाकी भरून वाहतेय गच्चीवरची. वॉचमनला सांगा." किती साचलं ते आकडा सांगतो, कुठून आलं ते सांगत नाही, हे त्या घरात फक्त मामींना ठाऊक होतं.

मामा सकाळी गच्चीवरून उतरून तापमान सांगायचे आणि मामी त्यावर आपला निकाल द्यायच्या. मामा म्हणायचे, हवेत दमटपणा वाढलाय. मामी म्हणायच्या, मीठ ओलं झालंय ते मला तुमच्या आधी कळलं. असं निवृत्तीनंतर पंधराएक वर्षं चाललं. मग मामी गेल्या. सकाळी तापमान सांगायला घरात कुणी उरलं नाही, तेव्हा मामांनी ते जगाला सांगायचं ठरवलं. आमची लेक पुण्यात एका कंप्युटर कंपनीत आहे. तिनं त्यांना एक वेबसाइट करून दिली, तिचं नाव 'गच्चीवरून'. सकाळी उजाडताच त्यावर त्या दिवसाचं तापमान आणि त्याखाली मामांचा एक लेख येऊ लागला. लेख अभ्यासपूर्ण असायचा, म्हणजे लांब असायचा. लेकीच्या हातून आणखी एक गोष्ट झाली. किती लोक आले, कुठून आले आणि किती वेळ थांबले, हे दाखवणारं एक पान तिनं मामांना जोडून दिलं. झालं. मामांना गच्चीवर न चढता मोजता येईल असा नवा पाऊस मिळाला.

इतर लोक त्या पानावर आकडे बघतात, मामा पाहुणे बघायचे. कुणी 'आले', कुणी 'बसले', कुणी 'उंबऱ्यावरूनच फिरले'. चार सेकंदांत निघून गेलेल्या माणसाबद्दल त्यांना दिवसभर हळहळ वाटायची. आपलं काही बोलायला चुकलं का, शीर्षक जरा तुटक झालं का, असं ते मला फोन करून विचारायचे. मी त्यांना सांगू शकत नव्हतो की हे चार सेकंदवाले बहुतेक आपल्याच घरातले आहेत. मामा रोज घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लेखाचा दुवा टाकायचे आणि पुढच्या मुंजीत, बारशात, कुठेही गाठून "वाचलंत का?" विचारायचे. म्हणून आमचे सगळे नातेवाईक हळदीकुंकवाला एका संध्याकाळी अकरा घरं करणाऱ्या बायकांसारखे दारात पाऊल टाकून, "आलो होतो हं" अशी हजेरी लावून पळायचे.

काही पाहुण्यांवर मामांचा विशेष लोभ होता. अमेरिकेतले एक वाचक एका दमात सगळे जुने लेख वाचून जायचे. "तिकडे अजून वाचनाची भूक आहे," मामा म्हणायचे. आणि मुंबईचे ते गृहस्थ. लेख टाकून मिनिट होत नाही तो हे हजर. दिवसातून दहा-दहा वेळा यायचे, भर दुपारीही यायचे. "एवढं तर कुणी सासुरवाडीलाही जात नाही, जावईबापू." उलट चांदवडच्या एका पाहुण्यावर त्यांचा राग होता. हा रोज पहाटे यायचा, अर्धा मिनिट थांबायचा आणि नाहीसा व्हायचा. एक दिवस खाडा नाही आणि एक दिवस बूड टेकणं नाही. "चपलासुद्धा काढत नाही," मामा म्हणाले. "हायवेवरचं गाव. गाडी थांबली की डोकवायचं, सुटली की पळायचं. सवयच तशी पडलेली."

अडीच तासांच्या पाहुण्यानंतर मामांनी ठरवलं, की आता ह्या सगळ्यांना जेवायला बोलवायचं. वाचकांचा स्नेहमेळावा. एप्रिलातला एक रविवार, सोसायटीचा हॉल, मसालेभात, मठ्ठा आणि जिलबी. वेबसाइटवर लाल अक्षरांत आमंत्रण झळकलं. महिन्याभरात आलेल्या पाहुण्यांचा आकडा घेऊन, लग्नाच्या हिशेबानं तिघांतला एक येईल असं धरून, मामांनी आचाऱ्याला पानं सांगितली. ती ऐकून मी लेकीला फोन केला.

ती आधी हसली. मग म्हणाली, अमेरिकेतला वाचक माणूस नाही, इंटरनेटवरची पानं चाळत फिरणारं यंत्र आहे. एकाच माणसानं फोनवरून उघडलं आणि घरच्या कंप्युटरवरून उघडलं तर तो दोन माणसं होतो. आणि मामाआजोबांच्या फोनची लाइन मुंबईवरून फिरून येते, त्यामुळे नाशकात बसलेला माणूस तिथे मुंबईचा दिसतो. "बाबा, ते मुंबईचे गृहस्थ मामाआजोबाच आहेत. कुणी आलंय का, हे ते स्वतःच सारखं उघडून बघतात."

आपल्याच दारावर टकटक करायची आणि आपणच आत जाऊन दार उघडायचं. मला हसू यायला हवं होतं. पण आलं नाही.

सांगायचं ठरवून मी मामांकडे गेलो. ते शाल निवडत होते. अडीच तास बसलेल्या वाचकाचा मेळाव्यात सत्कार व्हायचा होता. "जरा तुमच्या खांद्यावर टाकून बघू, कशी दिसते," म्हणत त्यांनी ती मलाच पांघरली आणि चार पावलं मागे सरून माझ्याकडे बघत राहिले. एप्रिलातल्या त्या दुपारी मला जो घाम फुटला तो केवळ लोकरीचा नव्हता. मी चाचरत यंत्राची गोष्ट काढली. मामांवर काही परिणाम झाला नाही. यंत्र का असेना, दारात आलंय ना, म्हणाले. मुंबईवाल्यांविषयी बोलायला माझी जीभ रेटेना, म्हणून मी विचारलं, "मामा, समजा, कुणीच आलं नाही तर?"

त्यांनी शाल माझ्या खांद्यावरून काढून तिची घडी घातली. "तर कुलूप. तापमापक खाली उतरवून ठेवतो. ऐकायला कुणी नसताना माणूस बोलत राहिला, तर ते काही बरं लक्षण नाही, जावईबापू."

घरी येऊन मी हे हिला सांगितलं, आणि लगे हात माझ्या अडीच तासांचंही सांगून टाकलं. माझ्या झोपेत तिला नवीन काही नव्हतं. एवढंच म्हणाली, "मग सकाळी उठून मामा करतील काय?"

मेळाव्याच्या दिवशी मामा हॉलच्या दारात गुलाबदाणी घेऊन उभे होते. येणाऱ्यावर गुलाबपाणी शिंपडून ते "आपण कुठून?" असं विचारत होते आणि पंचवटीतला त्यांचा सख्खा चुलतभाऊ "अरे, मी पंचवटीहून" असं सांगत होता. साडेअकरापर्यंत हॉलमध्ये जमलेली सगळी माणसं माझ्या लग्नातही होती. "लेख कसे वाटतात?" या प्रश्नाला आमचे एक मेहुणे "सुंदर, कालच्या लेखात थंडी फार छान मांडलीत" असं म्हणाले. कालचा लेख उष्माघातावर होता. पुढच्या रांगेत एक रिकामी खुर्ची होती, तिच्यावर ती शाल आणि नारळ. आचारी दोनदा येऊन, वाढायला घेऊ का, विचारून गेला. मामा दोन्ही वेळा, थांबा, लांबची माणसं यायची आहेत, म्हणाले. साडेबाराला त्यांनी गुलाबदाणी खिडकीत ठेवली. मग ते दाराकडे पाठ करून उभे राहिले. आता उठावं, शाल घ्यावी, काय होईल ते होवो, असं ठरवून मी अर्धा उठलोही होतो. हिनं माझा सदरा धरून मला खाली बसवलं. खालून गाडीचा आवाज येत होता.

तो कांद्याचा पिकअप होता. रविवारी बाजार समिती बंद, म्हणून गाडी मोकळी. त्यातून आठ-दहा बायका आणि दोन म्हातारबाबा उतरले आणि पातळावरची कांद्याची टरफलं झटकत जिना चढून आले. सगळ्यांच्या पुढे साधारण आमच्या हिच्या वयाच्या एक बाई होत्या.

"गच्चीवाले साहेब हितंच का?" त्यांनी विचारलं.

मामा पुढे झाले. हात आपोआप गुलाबदाणीकडे गेला. "आपण कुठून?"

"चांदवडाकडनं."

मामांचा हात हवेतच राहिला. मग जे कळलं ते असं. ह्या बाई गावच्या दूध डेअरीवर पहाटे दूध मोजून घेतात. डेअरीच्या भिंतीवर एक फळा आहे, त्यावर रोज एक सुविचार लिहायची तिथली रीत. सुविचार संपले तेव्हा त्यांनी 'गच्चीवरून'मधली एक ओळ लिहायला सुरुवात केली. पान उघडायचं, ओळ फळ्यावर उतरवायची, फोन कनवटीला लावायचा. कारण समोर माणसं किटल्या घेऊन उभी असतात. मग दूध घालायला आलेलं सगळं गाव ती ओळ वाचतं आणि घरी जाऊन सांगतं. मामांच्या आकड्यांच्या पानावर ह्या अख्ख्या गावाचा आकडा होता एक, आणि वेळ अर्धा मिनिट.

"आमी नाय बा ते फोनवर बघत," मागचे एक म्हातारबाबा म्हणाले. "आमी आपला फळा वाचतो."

मामांनी सावरून विचारलं, की लेखातली कोणती ओळ घेता. बाईंनी जरा मागे वळून बघितलं. "वरलं लय असतंय, साहेब. आमी एकदम खालचं घेतो. घरचा अंदाज." आणि त्यांनी पिशवीतून खण, नारळ आणि तांदळाची पुडी काढली. "त्या बाई कुठं हायेत? त्यांची ओटी भरायचीय. त्यांच्या अंदाजावर आमच्या गावानं पापड घातलेत औंदा."

हॉलमध्ये आम्ही सगळे एकमेकांची तोंडं बघू लागलो. मामांच्या लेखाला 'खाली' आहे हेच आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं, कारण तिथपर्यंत कुणी गेलंच नव्हतं. अडीच तास वाचणारा मीसुद्धा नाही. मी हळूच मोबाइल काढला आणि पान खाली, खाली, अगदी तळापर्यंत सरकवलं. तिथे बारीक अक्षरांत होतं: 'घरचा अंदाज: हे म्हणतात ऊन आहे, पण दुपारनंतर वारं फिरेल. वाळवण आत घ्या.' कालच्या लेखाखाली होतं: 'सतरंज्या धुवायला आज हरकत नाही. उन्हात डोक्याला काही बांधल्याशिवाय जाऊ नका, मग मला सांगत येऊ नका.' हिनं माझ्या खांद्यावरून वाचलं आणि तोंडाला पदर लावला. तो आवाज आम्हा दोघांच्याही कानातला होता.

"ती गेली," मामा म्हणाले. "दोन वर्षं होऊन गेली."

बाईंचा नारळाचा हात तसाच राहिला. "मंग ते खाली कोण लिवतंय?"

चोरी पकडलेल्या पोरासारखे मामा उभे होते. "मीच. ती काय म्हणाली असती, ते लिहितो."

"मंग बराबर हे," त्या म्हणाल्या. "त्याच म्हणत्यात. तुमी नुसतं लिवता." आणि जरा थांबून, "पर मागल्या बुधवारी चुकलं हां. सांच्याला पाऊस आला. कुरडया भिजल्या की आमच्या."

"ते माझं चुकलं," मामा घाईघाईनं म्हणाले. "ती नसती चुकली."

आधी त्या बाई हसल्या, मग मामा, मग हॉलमधले आम्ही सगळे खोटे वाचक. मामांनी खुर्चीवरची शाल उचलली आणि त्यांच्या खांद्यावर घातली. एवढ्या उकाड्यात लोकरीची शाल पांघरून बाई म्हणाल्या, की मी तर उभ्या उभ्या वाचते. मामा म्हणाले, बसणाऱ्याचं आम्ही नंतर बघू. ते ऐकून मी छताकडे बघितलं. ओटीचं काय करायचं हा प्रश्न हिनं सोडवला. पुढे होऊन पदर पसरला आणि म्हणाली, मी त्यांची भाची, लेकच म्हणा, माझी भरा. मग पंगत बसली. गावच्या माणसांनी मसालेभाताला न्याय दिला, उरलेली जिलबी डब्यांत भरून पिकअपमध्ये गेली, आणि मामा गाडी वळणाआड जाईपर्यंत रस्त्यात उभे राहिले.

तापमापक अजून गच्चीवरच आहे. लेख तेवढेच लांब आहेत, फक्त घरचा अंदाज आता वर आला आहे आणि निरीक्षणं खाली गेली आहेत. चांदवडचा आकडा रोज एक असतो आणि मामा त्या एकाकडे बघून इतर आकडे बघायचं विसरतात. चुटपुट एकच राहिली आहे. अधूनमधून फोनवर म्हणतात, "ते अडीच तासवाले मात्र आले नाहीत हो त्या दिवशी. भिडस्त असतील." मी म्हणतो, असतील.

मेळाव्यानंतरच्या रविवारी जेवून मी आडवा झालो. ही आतून आली, माझा मोबाइल घेतला, मामांचं पान उघडलं आणि तो माझ्या छातीवर ठेवला. मी म्हटलं, अगं, आजचं मी सकाळीच वाचलंय, पार खालपर्यंत.

"माहितेय," ती म्हणाली. "झोपा तुम्ही. दुपारचं मामांकडे कुणी नसतं. बसलेलं असू दे कुणीतरी."